बार्बाडोसची बिनभिंतीची बैठक

आज मी आपणांशीं एका दारूच्या दुकानाविषयीं बोलणार आहें. ज्या मास्तरानें अडतीस वर्षें शाळेंत मुलांना शिकविलें, आणि बापाच्या व्यसनापायीं मुलाचें दप्तर कायमचें खुंटीला कसें लागतें तें ज्यानें डोळ्यांनीं पाहिलें, त्यानें हा विषय निवडावा याचें आपणांस नवल वाटेल. मलाही तें वाटलें होतें. म्हणून हा विषय माझ्याकडे कसा आला तें प्रथम सांगतों.

२०२४ सालच्या २९ जूनची रात्र आपणांस आठवत असेल. त्या रात्रीं बार्बाडोस बेटावरील ब्रिजटाउन शहरीं, केन्सिंग्टन ओव्हल मैदानावर, रोहित शर्मा यांच्या संघानें दक्षिण आफ्रिकेचा सात धावांनीं पराभव करून वीस षटकांच्या सामन्यांचा विश्वचषक जिंकला. आनंद ओसरतो न ओसरतो तोंच बेरिल नांवाचें चक्रीवादळ त्या बेटाच्या रोखानें आलें, विमानतळ बंद झाला, आणि आपले खेळाडू कांहीं दिवस तेथेंच अडकून पडले. ४ जुलैला मुंबईच्या समुद्रकांठीं त्यांचें स्वागत होईपर्यंत बार्बाडोस हें नांव आपल्या घरोघरीं लहानथोरांच्या तोंडीं होतें.

त्याच वर्षीं गणपतीला माझा एक भाचा घरीं आला. तो रत्नागिरीकडे वाढला आणि आतां परदेशी प्रवासी जहाजावर मुदपाकखान्यांत काम करतो. गोव्यांतले आणि कोंकणांतले पुष्कळ तरुण अशा जहाजांवर आहेत, हें आपणांस ठाऊक आहेच. मीं त्याला सहज विचारलें, “काय रे, तूं तें बार्बाडोस पाहिलेंस का?”

“पुष्कळदां पाहिलें, मामा,” तो म्हणाला. “मैदान नाहीं पाहिलें. पण ऑइस्टिन्स म्हणून कोळ्यांचें गांव आहे, तेथें एकदां शुक्रवारीं रात्रीं गेलों होतों. वाळूच्या कडेला चार खांब, वर पत्रा नाहीं तर झावळ्या, पुढें एक फळी. त्या फळीमागें दारू विकतात. भिंती म्हणून नाहींतच. लोक येतात आणि बसतात.”

“बसून करतात काय?”

“कांहीं नाहीं. बसतात.”

“दारू पितात असें सरळ सांग ना.”

“पितात. पण तेवढ्याकरितां येतात असें वाटलें नाहीं, मामा. एका बांकावर आजी आणि नात मासे खात होत्या, पलीकडे म्हातारे खेळत होते. कोणी कोणापासून लपून बसलेला दिसला नाहीं.”

हें शेवटचें वाक्य माझ्या मनांत राहिलें. आपल्या शहरांतलें परमिट रूम मीं बाहेरूनच पाहिलेलें आहे: कांच काळी, दार जड, आंत दिवा मंद. आपल्याकडे पिणाऱ्यास भिंत लागते. मग एका चिमुकल्या बेटावरील लोकांनीं भिंतीवांचून कसें भागविलें, आणि ‘कांहीं न करतां बसणें’ ही गोष्ट त्यांना इतकी प्रिय कां झाली, याचा मी शोध घेऊं लागलों. जें समजलें तें आज आपणांपुढें मांडतों.

प्रथम भूगोल. कॅरिबियन समुद्राच्या पूर्वेस बेटांची एक माळ धनुष्यासारखी वांकलेली आहे. बार्बाडोस त्या माळेच्याही पूर्वेस, अटलांटिक महासागरांत एकटेंच पडलेलें आहे. लांबी सुमारें ३४ किलोमीटर, रुंदी फार तर २३. म्हणजे क्षेत्रफळानें आपल्या बृहन्मुंबईहूनही तें लहान. लोकवस्ती तीन लाखांच्या आंत. बेट बहुतांशीं प्रवाळाच्या चुनखडीचें आहे, म्हणून तेथील वाळू फिकट, पांढुरकी दिसते. विषुववृत्तापासून तें तेराच अंश उत्तरेस असल्यामुळें थंडी कसली ती तेथें ठाऊक नाहीं, आणि पूर्वेकडून येणारे व्यापारी वारे वर्षाचा बहुतेक काळ वाहत असतात. अशा ठिकाणीं ऊन व पाऊस अडविण्यास छप्पर हवें. भिंत मात्र वाऱ्याला आडवी येते. बिनभिंतीच्या दुकानाचें पहिलें कारण इतकें साधें आहे.

भाचा आणखी म्हणाला होता कीं, तो किनारा अगदीं आपल्या गणपतीपुळ्यासारखा वाटतो. हा भासही निराधार नाहीं. त्या किनाऱ्यावरचा माड मूळचा तेथला नव्हे. अटलांटिकच्या बाजूचे नारळ हिंदी महासागराकडील जातीचे असून पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर ते तिकडे पोंचले, असें शास्त्रज्ञांनीं दाखविलें आहे. सावलीसाठीं लावलेलें बदामाचें मोठ्या पानांचें झाड, जें मुंबईच्या कोणत्याही समुद्रकांठीं दिसतें, तेंही आशियांतूनच गेलेलें. ऊंस मूळचा न्यू गिनीकडचा खरा, परंतु त्याच्या रसापासून दाणेदार साखर करण्याची विद्या हिंदुस्थानांत वाढली आणि पश्चिमेकडे गेली. भेंडी आफ्रिकेंतून आली, आणि माणसेंही बहुतेक तेथूनच आलीं. वारा आणि समुद्र सोडले तर त्या चित्रांतील पुष्कळशा गोष्टी कोणीं ना कोणीं आणून ठेवलेल्या आहेत. त्या कशासाठीं आणल्या, येथून खरी कथा सुरू होते.

इंग्रजांनीं १६२७ सालीं या बेटावर वसाहत केली. प्रथम त्यांनीं तंबाखू व कापूस लावून पाहिला. त्यांत विशेष हातीं लागेना. १६४० नंतरच्या दशकांत ब्राझीलकडून ऊंसाच्या लागवडीची माहिती आली आणि थोड्याच वर्षांत बेटाचें रूप पालटलें. जंगल तोडलें गेलें, आणि आफ्रिकेंतून पकडून आणलेल्या माणसांच्या हातून बहुतेक सपाट जमीन ऊंसाखालीं आली.

साखर करतांना मागें जो काळा, चिकट द्रव उरतो त्याला आपल्या साखर कारखान्यांत मळी म्हणतात. तिच्यापासून अधिक साखर निघत नाहीं. परंतु तींत पाणी घालून ती आंबवली आणि भट्टीवर चढवून तिची वाफ थंड केली, म्हणजे जें मद्य मिळतें तें रम. सतराव्या शतकाच्या मध्यास बार्बाडोसमध्यें ती निघूं लागली होती, आणि तिचा झणका असा कीं लोकांनीं तिला ‘सैतानाला मारणारी’ अशा अर्थाचें नांव दिलें होतें. पुढें ती ओकच्या लांकडाच्या पिंपांत मुरवूं लागले. उष्ण हवेंत ती लवकर मुरते, आणि पिंपांतून उडूनही लवकर जाते. बेटावरच्या माउंट गे या भट्टीचा माग १७०३ सालच्या एका दस्तऐवजापर्यंत लागतो, आणि ती भट्टी आजही चालू आहे. म्हणजे ज्या मद्याकरितां ती फळी मांडलेली असते तें मूळचें उरलेसुरलें, साखरेच्या कारखान्यानें टाकून दिलेलें असें आहे.

भाच्यानें पाहिलेल्या ऑइस्टिन्स गांवाशीं दारूच्या दुकानाचा संबंध फार जुना आहे. इंग्लंडांत राजाचा शिरच्छेद होऊन पार्लमेंटचें राज्य आलें, तेव्हां बार्बाडोसचे मळेवाले राजाच्या पक्षाचे राहिले. त्यांना वठणीवर आणण्यास पार्लमेंटनें आरमार पाठविलें. शेवटीं जानेवारी १६५२ मध्यें दोन्ही पक्षांचा तह झाला, आणि तो ऑइस्टिन्स येथील ‘मर्मेड’, म्हणजे जलपरी, नांवाच्या मद्यगृहांत झाला. बेटावरील प्रतिनिधिसभेच्या संमतीवांचून तेथील लोकांवर कर बसवूं नये, असें त्यांत एक कलम होतें. अमेरिकेंतील वसाहतींनीं हेंच तत्त्व पुढें करून इंग्लंडशीं भांडण काढलें, त्याच्या शंभराहून अधिक वर्षें आधींची ही गोष्ट आहे. मोठीच गोष्ट म्हणावयाची.

परंतु ‘तेथील लोक’ म्हणजे कोण? त्या जलपरीच्या बांकांवर बसलेले मळेवाले, एवढेच. मळ्यांत राबणाऱ्या आफ्रिकन माणसांना त्या शब्दांत जागा नव्हती. नऊ वर्षांनींच, १६६१ सालीं, त्याच बेटाच्या सभेनें गुलामांविषयीं एक कायदा केला आणि जिवंत माणसांना मालकाच्या मालमत्तेच्या पंक्तीस बसविलें. पुढें इतर इंग्रजी वसाहतींनीं त्याचा कित्ता गिरविला. मळ्यावर पहांटे घंटा होई ती कामावर जाण्याची. दुपारीं होई ती पुन्हां जुंपण्याची. अंगमेहनतीच्या कामांत मालक गुलामांना रमचा घोट देत. दया म्हणून थोडाबहुत, पण हात चालावे म्हणून अधिक. सारांश, बेटावरची रम ज्यांच्या घामाची होती त्यांना ती मिळे ती वंगणासारखी. १८१६ सालीं बुसा नांवाच्या आफ्रिकन पुढाऱ्याशीं ज्याचें नांव जोडलें जातें तें मोठें बंड झालें. तें मोडलें गेलें. गुलामगिरी संपविणारा कायदा १ ऑगस्ट १८३४ रोजीं अमलांत आला, परंतु उमेदवारीच्या नांवाखालीं लोकांना आणखी चार वर्षें जुन्या मालकांकडेच बांधून ठेवण्यांत आलें. खरी सुटका झाली ती १ ऑगस्ट १८३८ रोजीं. साऱ्या ब्रिटिश वसाहतींतील मालकांना मिळून दोन कोटि पौंड भरपाई मिळाली. जे सुटले त्यांना एक पैसाही मिळाला नाहीं.

आतां सुटलेला माणूस जाणार कोठें? जमैका किंवा ब्रिटिश गियाना येथें डोंगर होते, पडीक जमीन होती; लोक तिकडे जाऊन आपापली खेडीं वसवूं शकले. बार्बाडोस लहान, तेथें इंच न् इंच जमीन मळेवाल्यांची. म्हणून स्वतंत्र झालेल्या मजुरास जुन्या मळ्याच्याच एका कोपऱ्यांत भाड्यानें जागा घ्यावी लागे, आणि कामावरून मालकाशीं बिनसलें कीं ती सोडावी लागे. यावर त्या लोकांनीं मोठी शहाणपणाची तोड काढली. त्यांनीं फळ्यांचीं लहान घरें बांधलीं आणि तीं जमिनींत न रोवतां नुसत्या दगडांवर ठेवलीं. हुसकावून लावण्याची पाळी आली म्हणजे घर उसकटावें, गाडीवर घालावें आणि दुसरीकडे उभें करावें. या घरांना तेथें ‘चॅटेल’ घरें म्हणतात. चॅटेल म्हणजे आपल्या दफ्तरी भाषेंतील जंगम मालमत्ता. काल ज्यांना स्वतःलाच मालमत्ता म्हणत होते, त्यांचें आज स्वतःचें असें जें कांहीं झालें तें हें जंगम घर!

अशाच घराच्या पुढल्या खोलींत फळी टाकून जें दुकान निघालें तें बार्बाडोसचें रमचें दुकान. तें केवळ दारूचें नव्हे. तांदूळ, पीठ, खारवलेले मासे, रॉकेल, साबण सर्व तेथेंच मिळे. उधारीची वही तेथेंच असे. कोणाकडे काम निघालें आहे, कोण आजारी आहे, बोट केव्हां लागणार, ही बातमीही तेथेंच कळे. फळीमागें पुष्कळदां बाई बसलेली असे, आणि समोरचीं गिऱ्हाइकें बहुतेक पुरुष असत. चर्चचे लोक व कुटुंबवत्सल बाया या दुकानांकडे वांकड्या नजरेनें पाहत, हेंही सांगितलें पाहिजे. परंतु मजुराच्या दृष्टीनें पाहा. दिवसभर तो घंटेच्या हुकमांत. घर परक्याच्या जमिनीवर. सूर्य मावळल्यावर, कोणाच्याही हुकमाविना, आपल्या पैशानें, आपल्या माणसांत बसावें अशी एवढीच काय ती जागा. त्या बसण्याला तेथें किंमत आली ती यामुळें. ज्याचा वेळ पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यानें विकला, त्याला कांहीं न करतां घालविलेला एक तास हीच मिळकत वाटते.

या बसण्याला त्या बेटांत एक शब्दही आहे: ‘लायमिंग’. मूळ ट्रिनिडादकडचा हा शब्द आतां सर्वत्र चालतो. त्यांत कार्यक्रम नाहीं, आमंत्रण नाहीं, उठण्याची वेळ नाहीं. आपल्या पारावरच्या किंवा कट्ट्यावरच्या बसण्याला तो शब्द बरोबर लागू पडेल. परदेशी प्रवासी त्याला आळस म्हणून हंसतो आणि त्याच आळसासाठीं हजारों रुपये मोजून तेथें जातो, ही गंमतच आहे.

समुद्रकांठचीं उघडीं दुकानें हीं याच जंगम दुकानांचीं धाकटीं भावंडें होत. ऑइस्टिन्स हें दक्षिण किनाऱ्यावरील मासेमारीचें गांव. शुक्रवारीं सायंकाळीं तेथें निखाऱ्यांवर मासे भाजतात, कढयांतून तळतात, आणि छपराखालच्या लांब बांकांवर लोक दाटीनें बसतात. उडणारा मासा ही बेटाची खूण. मक्याचें पीठ भेंडीबरोबर शिजवून, आपल्या उकडीसारखें घोटून, त्याबरोबर तो मासा खाणें हें तेथील राष्ट्रीय अन्न समजतात. एका बाजूस डॉमिनोच्या ठिपकेदार सोंगट्या टेबलावर खाडकन् आपटतात; तो आवाज हाच खेळाचा अर्धा आनंद. दुसऱ्या बाजूस वयस्क जोडपीं जुन्या गाण्यांवर संथपणें नाचतात. पिणारा पितो, न पिणारा सरबत घेतो, आणि दोघेंही एकाच बांकावर बसतात.

तेथें मिळणाऱ्या एका पेयाचें नांव ऐकून आपणांस आपलेंसें वाटेल. त्याला ‘पंच’ म्हणतात. लिंबाचा रस एक भाग, साखरेचा पाक दोन, रम तीन आणि पाणी अथवा बर्फ चार, वर जायफळाची पूड, अशी त्याची जुनी रीत आहे. मोजून पाहा, जिनसा पांच होतात. हा शब्द आपल्या ‘पंच’ अथवा ‘पांच’ या शब्दावरूनच सतराव्या शतकांत सुरतेकडे वावरणाऱ्या इंग्रज खलाशांनीं उचलला, असें बरेच कोशकार मानतात; कांहींचें मत निराळें आहे. पहिलें मत खरें असेल तर ऊंस, माड आणि बदाम यांच्या मागोमाग आपला एक शब्दही त्या फळीवर जाऊन बसला आहे.

आणि या बैठकींत गप्पा कशाच्या? राजकारणाच्या आणि क्रिकेटच्या. फ्रँक वॉरेल, एव्हर्टन वीक्स, क्लाइड वॉलकॉट आणि गारफील्ड सोबर्स हे चौघेही या एवढ्याशा बेटाचे सुपुत्र, तेव्हां दुसरें काय बोलणार! त्यांतील एक आठवण आपणांस जवळची आहे. १९६२ सालीं बार्बाडोसच्या संघाशीं खेळतांना आपले कप्तान नरी काँट्रॅक्टर यांच्या डोक्यास चार्ली ग्रिफिथचा चेंडू लागला आणि त्यांचे प्राण धोक्यांत आले. त्यांच्यासाठीं ज्यांनीं रक्त दिलें त्यांत आपले चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी व पॉली उम्रीगर होते, आणि वेस्ट इंडीजचे कप्तान फ्रँक वॉरेलही होते. पुढें १९७१ सालीं अजित वाडेकर यांच्या संघानें वेस्ट इंडीजमध्यें मालिका जिंकली. दिलीप सरदेसाई यांनीं ब्रिजटाउनला दीडशें धावा काढल्या आणि सुनील गावसकर यांनीं शतक केलें. मी तेव्हां तेरा वर्षांचा होतों. रेडिओवरच्या बातमीकडे कान लावून बसत असें. ब्रिजटाउन हें नांव मीं प्रथम ऐकलें तें तेव्हां.

श्रोतेहो, येथवर ऐकून कोणास वाटेल कीं, मास्तर दारूची तरफदारी करूं लागले. तसें नाहीं. माझ्या वर्गांत एक मुलगा होता. गणितांत हुशार, अक्षर मोत्यासारखें. त्याचा बाप रोज सायंकाळीं एका बंद खोलींत जाऊन बसे. घरच्यांना तो कामावर आहे असें वाटे, शेजाऱ्यांना तो घरीं आहे असें वाटे. जमिनीचा तुकडा विकला गेल्यावर सर्वांना कळलें. मुलानें सातवींत शाळा सोडली. मीं त्याच्या घरीं दोनदां गेलों. परंतु तोंवर उशीर झाला होता. भिंत काढल्यानें दारू निर्दोष होते, इतका मी भाबडा नाहीं. बार्बाडोसमध्येंही रमनें घरें बुडविलीं आहेत, आणि तेथील बायांनीं तीं दुःखें भोगलीं आहेत. माझें म्हणणें इतकेंच कीं, माणसाला खरी भूक असते ती माणसांत बसण्याची. ती भागविण्याची उघडी जागा गांवाजवळ असली तर तो चारचौघांच्या नजरेंत राहतो. ती नसली म्हणजे तो काळ्या कांचेमागें जातो, आणि मग त्याला तेथें हटकणारें कोणी नसतें.

म्हणून त्या फळीपेक्षांही महत्त्वाची आहे ती फळीपुढची वाळू. बार्बाडोसमध्यें सर्व समुद्रकिनारे सार्वजनिक मानलेले आहेत. श्रीमंतांतल्या श्रीमंत हॉटेलासही आपल्यापुढची वाळू आपली म्हणतां येत नाहीं. परंतु वाळू सार्वजनिक असली तरी वाळूकडे जाणारी वाट ज्याच्या जागेंतून जाते तो ती बुजवूं शकतो. पश्चिम किनाऱ्यावर एकास लागून एक अशा हवेल्या व हॉटेलें उठलीं, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला समुद्र दिसेनासा झाला. मध्यें मध्यें मोकळी जागा ठेवावी, समुद्राला खिडक्या ठेवाव्या, अशी तेथील लोकांची मागणी आहे. जमैकांत गोष्ट अधिक कठीण आहे. तेथील १९५६ च्या कायद्यानें किनाऱ्यावरचे हक्क सरकारच्या हातीं गेले आणि सामान्य माणसाला समुद्रांत उतरण्याचा सरसकट हक्क उरला नाहीं. नागरिकांना पिढीजात वहिवाटीसाठीं न्यायालयांत जावें लागलें आहे. ज्या बेटाच्या किनाऱ्याचीं चित्रें दाखवून जगभरचे प्रवासी बोलाविले जातात, त्याच किनाऱ्यावर तेथला मुलगा पोहावयास गेला तर त्याला कुंपण आडवें येतें.

त्यांत आतां समुद्राचाही भरंवसा उरलेला नाहीं. २०११ पासून सारगॅसम नांवाचें तपकिरी शेवाळ राशीराशींनीं या बेटांच्या किनाऱ्याला लागूं लागलें आहे. तें कुजलें म्हणजे वाळूवर बसवत नाहीं आणि कोळ्यांच्या बोटी अडकतात. ज्या बेरिल वादळानें आपल्या खेळाडूंना अडवून ठेवलें तें बार्बाडोसच्या दक्षिणेकडून पुढें गेलें. आपले खेळाडू हॉटेलांत सुखरूप राहिले. परंतु बेटावरील मासेमारीच्या बोटींची त्या लाटांनीं फार मोठी हानि केली. शुक्रवारच्या निखाऱ्यावरचा मासा ज्या बोटींतून येतो त्या ह्या बोटी. आम्ही येथें विजयाचा जल्लोष करीत होतों, तेव्हां ते लोक आपल्या बोटींच्या फळ्या वेंचीत होते. हें मला भाच्यानें सांगितल्यावर कळलें, आणि थोडी लाज वाटली.

मग मीं त्याला शेवटीं विचारलें, “तूं तेथें काय केलेंस?” तो म्हणाला, “मीही बसलों, मामा. आमचा मुदपाकखाना जहाजाच्या पोटांत असतो. कित्येक दिवस आकाश दिसत नाहीं. त्या दिवशीं तीन तास मिळाले. कोणीं विचारलें नाहीं कीं तूं कोण, किती खर्च करणार. एक सरबत घेतलें आणि बसलों. मग परतायची वेळ झाली आणि गेलों.”

मळ्यावरची घंटा, जहाजावरचे तास आणि मीं स्वतः अडतीस वर्षें वाजविलेली शाळेची घंटा, यांत फार अंतर आहे, हें मी जाणतों. परंतु ज्याचा दिवस दुसऱ्याच्या घड्याळावर चालतो अशा प्रत्येकाला सायंकाळीं एक अशी जागा लागते कीं जेथें त्याला कोणी उठवीत नाहीं. बार्बाडोसच्या लोकांनीं ती चार खांबांवर उभी केली, आणि हुसकावल्यास उचलून नेतां येईल अशी केली, कारण हुसकावणें त्यांच्या परिचयाचें होतें.

आमच्या वस्तीजवळ एक वड आहे. त्याच्या पारावर आम्ही चार निवृत्त माणसें सायंकाळीं बसत होतों. शेजारीं मुलें खेळत, भाजीवाली टोपली टेकून दम घेई. गेल्या वर्षीं त्या जागेला कुंपण पडलें आणि दाराला कुलूप लागलें. आम्ही आतां आपापल्या घरीं दूरचित्रवाणीपुढें बसतों. त्या जागेविषयीं आम्हीं एक अर्ज लिहिला आहे. त्यावर सह्या गोळा करण्याचें काम माझ्याकडे आहे, आणि उद्यां सकाळपासून मी घरोघर जाणार आहें.